बायजाबाईचा अहवाल

मोहबोडी, ता. साकोली
१४ सप्टेंबर २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

तू पाठवलेला चष्मा पोचला. रजिस्टरच्या बारीक रेघा आता स्वच्छ दिसतात, आणि आपलं अक्षर किती वाईट झालं होतं तेही दिसतं. तुझे आभार मानले तर तू रागावशील, तरी मानते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण माझ्यासारख्या आशा सेविकेचा फोन दिवसभर वाजत असतो आणि घरात एक जण बोलला की चौघं ऐकतात. म्हणून कागद घेतला.

तुझ्या अभ्यासासाठी मी वर्षभरापासून टीबीच्या रुग्णांच्या थुंकीच्या डब्या साकोलीला पोचवते आहे. त्यातली पहिली डबी आपल्या वस्तीतल्या बायजाबाईची होती. तुला ती आठवत असेल. शाळेत खिचडी रांधणारी, तू सुट्टीत यायचीस तेव्हा पातेल्याची खरवड तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवणारी. मागच्या वर्षी ऑगस्टात तिला टीबी निघाला. सुरुवातीचे दोन महिने ती स्वतःहून घरी बसली, सहा महिने गोळ्या घेतल्या, फेब्रुवारीत थुंकी स्वच्छ आली. पूर्ण बरी झाली.

पण याच वर्षी गावात आणखी तिघं निघाले. जानेवारीत तलावाकाठचा नत्थू, मार्चमध्ये देवाजी पाटलांचा मुलगा प्रितम, एप्रिलमध्ये गावठाणातली उषाबाई. आणि जूनमध्ये प्रितमच्या मुलीच्या, परीच्या, मानेत टीबीच्या गाठी आल्या. दुसरीत आहे ती. मग देवाजींनी चौकात बसून निकाल दिला, "आधी खिचडीवाली बिमार, मंग माही नात बिमार. आनखी कोनता सबूत पाह्यजे?"

हा आजार जेवणातून येत नाही, हवेतून येतो, हे मी दहा वेळा सांगितलं. तर म्हणतात, मग हवेतून दिला असंल.

जुलैत शाळेनं बायजाबाईला काढलं. सध्या दुसरी बाई रांधते. तिलाच कायम करायचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत येणार आहे. बारा वर्षं केलेलं काम जाईल, आणि जाताना तिच्या नावावर एका लेकराचा आजार लिहून जाईल. ती रडत नाही, भांडत नाही. त्याचा मला जास्त त्रास होतो.

तू म्हणाली होतीस की तुमच्या मशीनला जंतूची अक्षरं वाचता येतात. कोणाचा जंतू कोणाकडून आला, हे त्यात दिसतं का?

तुझी,
रत्नमाला आत्या


पुणे
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

आधी माझे आभार. तुझ्या डब्या वेळेवर आणि नीट बंद केलेल्या येतात. जिल्ह्यातून येणाऱ्या नमुन्यांत सगळ्यात कमी वाया जातात ते तुझे. आमच्या प्रमुख बाईंनी मागच्या बैठकीत हे सर्वांसमोर सांगितलं. ती माझी आत्या आहे, हे मी सांगितलं नाही. आतून मात्र फुगले होते.

आता तुझा प्रश्न. तू लसीकरणाच्या याद्या हाताने उतरवून काढायचीस, आठवतं? एका प्रतीत एखादं नाव चुकलं की त्या प्रतीवरून उतरवलेल्या पुढच्या सगळ्या याद्यांत तीच चूक येते. चूक पाहून सांगता येतं की ही यादी कोणत्या यादीवरून आली. जंतूचंही तसंच. टीबीच्या जंतूत सुमारे चव्वेचाळीस लाख अक्षरं असतात. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना ती जवळजवळ जशीच्या तशी उतरतात, दोन-तीन वर्षांत एखादं बदलतं. दोन रुग्णांच्या जंतूत दोन-चारच अक्षरांचा फरक असेल तर त्यांची साखळी एक आणि नवी. शेकड्यांनी फरक असेल तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

म्हणजे हो, दिसतं. पण मी असं कोणालाही सांगू शकत नाही. माझ्याकडे फक्त क्रमांक असतात आणि नावं न सांगण्याच्या अटीवरच लोकांनी नमुने दिले आहेत. एक वाट आहे. रुग्णाला स्वतःचा अहवाल मागायचा हक्क आहे. बायजाबाईने सहीने अर्ज केला, तर तिचा जंतू गावातल्या इतर नमुन्यांशी जुळतो की नाही, एवढं तिला लेखी मिळू शकतं. इतरांविषयी एक शब्दही त्यात नसेल.

पण तिला आधीच समजावून सांग. जुळला, तर तेही तिला लेखी मिळेल.

तुझी,
रुचिता


मोहबोडी
२६ ऑक्टोबर २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

दिवाळीच्या गर्दीत अर्जाला वेळ लागला. सोबत तो आहे.

तू सांगितलं तसं तिला सांगितलं. ती अंगणात धान वाळवत होती. म्हटलं, बायजाबाई, विचार कर. तुझ्याकडूनच गेला असं निघालं तर?

म्हणाली, "निघालं तं निघालं. मंग परीच्या घरी जाऊन तिच्या मायच्या पाया पडतो. पन नाई निघालं तं मी कायले मान खाली घालून राहू?"

मग मलाच विचारते, "तुमची रुचिता बारकी होती तवा लय खोड्या करे. आता जंतूच्या खोड्या पकडते म्हना."

तिने घरातून काही जुने कागद आणले आणि म्हणाली, हे बी जोडा. उपचाराचे असतील म्हणून मी पाहिले नाहीत. पाकीटही तिनेच भाताचं शीत लावून चिकटवलं. तिला वाचता येतं, लिहिताना मात्र अडते. सही करायला पाच मिनिटं घेतली, पण अंगठा दिला नाही.

परीच्या गाठी बसत चालल्या आहेत. दर आठवड्याला गोळ्या द्यायला जाते. देवाजी ओसरीवर असले की पेपर तोंडासमोर धरतात. तिची आई राखी मात्र आत बोलावते, चहा देते. एवढं दार उघडं राहिलं, हेच पुष्कळ.

तुझे बाबा, माझा परसरामदादा, परवा येऊन गेले. दादा आता तुझ्याविषयी असं बोलतो, जणू टीबी त्यानेच शोधला.

आत्या


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

हे पत्र बसून वाच.

बायजाबाईचा जंतू गावातल्या एकाही नमुन्याशी जुळत नाही. फरक सहाशेहून जास्त अक्षरांचा आहे. तिने गावात कोणाला आजार दिला, असं दाखवणारं आमच्याकडे काहीही नाही. परीच्या गाठींतून जंतू मिळाला नव्हता, त्यामुळे तिच्याबद्दल मशीन काही सांगत नाही. पण घरात मोठ्या माणसाला आजार असताना लेकराला कुठून झाला असेल, हे तू माझ्याहून चांगलं जाणतेस.

मी लगेच अहवाल पाठवणार होते. अडचण आली ती बाकीच्या तिघांची. त्यांचे जंतू एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, जास्तीत जास्त दोन अक्षरांचा फरक. आणि माझ्या फॉर्मप्रमाणे त्या तिघांत काहीच सारखं नाही. वस्ती वेगळी, जात वेगळी, पाण्याची जागा वेगळी, एकाचं पक्कं घर, दोघांची कुडाची. येणं-जाणं नाही. तिन्ही नमुने इथे एकाच आठवड्यात वाचले गेले. त्यामुळे आमच्या प्रमुख बाईंना शंका आहे की प्रयोगशाळेत नळ्यांची गल्लत झाली असावी. तसं असेल तर तुमच्या गावाचे चारही निकाल बाजूला ठेवावे लागतील. बायजाबाईचाही. त्या कडक आहेत, पण त्यांचं बरोबर आहे.

ही शंका फिटायला एकच गोष्ट हवी. ते तिघं कधीतरी, कुठेतरी, एका बंद जागेत बरेच दिवस सोबत होते का? मला नावं सांगू नकोस, जागा सांग.

आणखी एक. लिहू की नको, यात चार दिवस गेले. बायजाबाईच्या अर्जाला जोडलेल्या कागदांत शाळेने तिला दिलेलं पत्र आहे, आणि त्यामागे ज्या शिफारशीवरून तिला काढलं तिची झेरॉक्स. ती हाताने लिहिलेली आहे. मला लहानपणी बाराखडी ज्या अक्षराने शिकवली, ते अक्षर मी कुठेही ओळखेन.

मी हे कोणालाही दाखवलेलं नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

रुचिता


मोहबोडी
७ डिसेंबर २०२५

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

आधी जागा सांगते, कारण तिच्यावर बायजाबाईचं काम अवलंबून आहे. दुसऱ्या गोष्टीवर फक्त माझी लाज.

आपल्याकडून दर वर्षी फेब्रुवारीत माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, हे तुला माहीत आहे. २०२४ साली नत्थूची टोळी गेली, त्यात उषाबाई होती. ते मला ठाऊक होतं. पण प्रितम तेव्हा नागपूरला कंपनीत होता. देवाजी सगळ्यांना तेच सांगत. म्हणून माझं डोकं तिथेच थांबत होतं.

मंगळवारी परीच्या गोळ्या घेऊन गेले, तर राखी उखळात मिरची कुटत होती. ठसक्याने मी दारातच अडले. आपली भिवापुरी मिरची आखूड, जाड. ही लांब, बारीक, आणि रंग असा की डोळ्यांत भरावा. अशी मिरची टोळीतली माणसं परतताना पिशवीत घेऊन येतात, वर्षभर पुरवतात. उषाबाईच्या घरी मी ती खाल्ली आहे.

मी विचारलं, "काय वो राखी, ही मिरची कुठची?"

"बाजारातली."

"सानगडीच्या बाजारात मले तं नाई दिसली कधी. दोन वर्षांची जुनी दिसते. तरी काय झोंबते."

तिने मुसळ खाली ठेवलं. ओसरीकडे पाहिलं. "ताई, बाबाले माहीत नाई."

नागपूरची कंपनी महिन्याभरात सुटली होती. पाटलाच्या पोराने परत कसं यावं म्हणून प्रितम तसाच नत्थूच्या टोळीत गेला. तोडायला नाही, पोती मोजायला. पण झोपायला सगळ्यांना एकच शेड होती. धुळी-वाऱ्यापायी चारही बाजूंनी ताडपत्री बांधून घेतलेली. अठ्ठावीस माणसं, दोन महिने. त्यांत दुसऱ्या जिल्ह्यातला एक माणूस सारखा खोकत असे.

मी म्हटलं, "त्याले कोनी दवाखान्यात नाई नेलं?"

"यायनं, परीच्या बाबानं, सांगतलं त्याले. तं तो म्हने, जाईन तं दिवस बुडते. आनं मुकादम दुसरा मानूस ठेवते."

तुला हवी होती ती जागा ही. राखीने तुला हे कळवायची परवानगी दिली आहे. प्रितमलाही तिने विचारलं. तो म्हणाला, लिहा, पण बाबांपर्यंत जाऊ देऊ नका. नावं तू विचारली नव्हतीस, मी लिहून बसले. आता हा कागद फाडून टाक.

आता माझं.

ती शिफारस मीच लिहिली. जुलैत शाळेच्या गुरुजींनी बोलावलं. देवाजी बसलेले होते. त्यांनी सांगितलं, ही बाई शाळेत राहील तोवर तुझ्या गोळ्या माझ्या घरात येणार नाहीत, नातीला मी झाडपाल्यावाल्याकडे नेतो. प्रितमचे गोळ्यांचे दोन महिने बाकी होते, परीची तर सुरुवात होती. गोळ्या मध्येच सुटल्या की काय होतं ते मी पाहिलं आहे. गुरुजींनी कोरा कागद पुढे केला, म्हणाले, तुम्ही आरोग्याच्या माणूस, तुम्ही लिहिलं की सगळं शांत होईल. मी लिहिलं की तिला तूर्त स्वयंपाकापासून दूर ठेवावं. "तूर्त" हा शब्द मुद्दाम घातला. वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. त्यांनी तूर्तचं कायम केलं.

परीच्या गोळ्या चालू राहाव्यात म्हणून मी बायजाबाईचं काम देऊन टाकलं. तिला न विचारता. तिच्या वस्तीतली, तिच्याच विहाराची मी. काल ६ डिसेंबरला विहारात तिच्या शेजारी बसून वंदना म्हटली.

मला वाटत होतं, तिच्यापर्यंत फक्त शाळेचं पत्र गेलं. माझा कागद तिच्याकडे आहे आणि तिने तो तुझ्याकडे पाठवला, हे तू लिहिलंस तेव्हा कळलं. तिने तो वाचला असेल का, की सगळे कागद सरसकट दिले? विचारायची हिंमत नाही.

तुझा चष्मा चांगला आहे. थोडा उशिरा आला.

आत्या


पुणे
२ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

शेडची हकिकत मी नावं वगळून प्रमुख बाईंना सांगितली. त्यांनी खात्रीसाठी तिन्ही नमुने वेगवेगळ्या दिवशी पुन्हा वाचायला लावले. तेच निघालं. नळ्यांची गल्लत नव्हती. बायजाबाईचा अहवाल सही-शिक्क्यासह सोबत आहे, एक प्रत साकोलीच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना पाठवली आहे. तुझं पत्र फाडलं.

शेडमधल्या त्या माणसाचा शोध तिकडच्या आरोग्य विभागाकडून चालू आहे. सापडला आणि त्याला गोळ्या मिळाल्या, तर त्याचं श्रेय राखीच्या उखळाला.

तुझ्या दुसऱ्या गोष्टीवर मी काय बोलू? माझंच सांगते. आजार आणि गरिबी यांचं नातं शोधायला आम्ही निघालो, आणि माझ्या फॉर्मात जात होती, वस्ती होती, छप्पर होतं, पाणी होतं. माणूस कामासाठी कुठे जातो आणि तिथे किती जणांत झोपतो, हा रकाना नव्हता. मागच्या मे महिन्यात मी तुमच्या गावाचा पहिला नकाशा काढला होता. जिथे पहिला रुग्ण, तिथे लाल रंग. आपल्या वस्तीला लाल रंग मी माझ्या हाताने दिला आणि तो बैठकीत दाखवला. देवाजींनी चौकात सांगितलं तेच मी पडद्यावर सांगत होते, फक्त चांगल्या रंगांत.

तू भीतीने लिहिलंस, एका लेकरासाठी. मी तर कोणी काही न म्हणता केलं.

फॉर्मात आता नवा रकाना आहे: गेल्या तीन वर्षांत कामासाठी कुठे मुक्काम केला, एका छपराखाली किती माणसं होती. जिल्ह्यात सगळीकडे तो विचारला जाईल. तो तू दिलास. तुझे आभार मानायला आमच्या निबंधात दोन ओळींची जागा आहे, तिथे तुझं नाव जाईल. बायजाबाईचं घालता येत नाही, रुग्णांची नावं छापत नाहीत. याचं मला वाईट वाटतं.

२६ तारखेला तू काय बोलायचं ते मी सांगणार नाही. फक्त त्या तिघांविषयी बोलू नकोस.

तुझीच,
रुचिता


मोहबोडी
२८ जानेवारी २०२६

चि. रुचिता,
सप्रेम जय भीम.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. बायजाबाई मागे, बायांच्या शेवटच्या ओळीत. ठराव वाचला गेला. मग साकोलीहून आलेले पर्यवेक्षक कमलेश साहेब उठले आणि बायजाबाईच्या संमतीने त्यांनी तिचा अहवाल वाचला. गावातल्या कोणत्याही रुग्णाशी जुळत नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

मग देवाजी म्हणाले, "पुन्याच्या मशीनले आमचं गाव का माहीत, साहेब? आनं ह्या आशाताईचीच भाची हाय तिथं. जुलैत तं ताईनंच लिहून देल्लं होतं, बाईले दूर ठेवा म्हनून. आता कसं फिरलं?"

ते असं म्हणतील हे मी धरूनच गेले होते. उठले आणि म्हटलं, "हो जी. तो कागद मी लिहिला. तो खोटा होता. बायजाबाई तेव्हा बरी झालेली होती, हे मला माहीत होतं. परीच्या गोळ्या बंद पडतील म्हणून भिऊन लिहिला. आज सगळ्यांसमोर तो मागे घेते. आशाचं काम काढून घ्यायचं असेल तर घ्या, पण ठराव त्या कागदावर करू नका."

बसताना मागे पाहिलं नाही.

देवाजी थांबले नाहीत. "बरं, बाईनं नाई देल्लं. मंग माह्या पोराले कोनं देल्लं? तो तं नागपूरले होता."

साहेब म्हणाले, दुसऱ्या रुग्णाबद्दल आम्ही बोलू शकत नाही. देवाजी माझ्याकडे पाहत राहिले. मी पायाजवळची माती पाहत राहिले. तुला दिलेला शब्द होता.

तेव्हा खांबाला टेकून उभा असलेला प्रितम पुढे आला. "बाबा, मी नागपूरले नोहतो. मिरचीले गेल्तो. नत्थूभाऊच्या टोळीत."

"तोडाले?"

"पोते मोजाले. झोपाले सगळ्याइच्या संगं, त्याच शेडीत. खोकल्याचा मानूस माह्या बाजूले होता."

मागून उषाबाई बोलली, "म्या कवाच सांगतलं असतं, पाटील. पन तुमच्या पोरानं पोते मोजता मोजता हात जोडले होते." दोघं-चौघं हसले. नत्थू सगळ्यांत मोठ्याने.

देवाजी हसले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली. ते आता पोरावर ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी विचारलं, "दोन महिने? जेवाले काय देत?" प्रितम म्हणाला, भात आनं मिरचीचं पानी. देवाजींनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते. मग गुरुजींना म्हणाले, "तो ठराव ठेवा बाजूले. सोमवारपासून बायजाबाईले बोलवा. परी तसंही म्हनते, नव्या बाईची खिचडी पातळ रायते."

माफी त्यांनी मागितली नाही. त्यांच्या तोंडून तेवढंच येणार होतं, आणि तेवढ्याने काम परत मिळालं. मी त्यांचीही आभारी आहे.

माझं आशाचं काम टिकलं. कमलेश साहेब जाताना म्हणाले, पुन्हा असं लिहाल का? मी नाही म्हटलं. तोच तुमचा खुलासा धरतो, म्हणाले.

पण बायजाबाईच्या दारात मी अजून गेलेले नाही. सभा सुटल्यावर ती बायांच्या गराड्यात होती. मी मागच्या वाटेने घरी आले. काय सांगणार होते तिला? तू मात्र माझ्याकडून एक ऐक. तुझ्या मशीनचे, तुझ्या कडक बाईंचे, त्या नव्या रकान्याचे, सगळ्यांचे आभार. या वयात चूक दुरुस्त करायची संधी फार जणांना मिळत नाही.

आत्या


मोहबोडी
९ फेब्रुवारी २०२६

रुचिताबाईस,
बायजाबाईचा जय भीम.

हे मी सांगून राहिली आनं देवाजी पाटलाची सून राखी लिहून राहिली. ती आपल्या मनानंच आली, म्हने मी लिहून देतो. तिचं अक्षर मस्त हाय. बोल माहे हायत.

तुमचा कागद पोचला. विहाराच्या भिंतीवर लावा म्हने पोरं. म्या म्हटलं, नोको, पेटीत ठेवतो. सोमवारी शाळेत गेली. पातेलं कारं करून ठेवलं होतं त्या बाईनं. दोन दिवस घासलं.

रत्नमालाबाईनं तुमाले लिहिलं असंल का तिनं माह्यावर कागद लिहिला. मले जुलैतच माहीत होतं. गुरुजीनं दोनी कागद संगंच देल्ले, त्यायले वाटलं बाईले का समजते. म्या वाचला. रातभर राग आला. मंग तुमच्याकडं मुद्दाम पाठवला. म्हटलं, तिच्या भाचीनं पाहावं. ती बोलली तं बरं, नाई बोलली तं माहं नशीब. तिचं नाव खराब कराले नाई पाठवला. मी तिले तोंडावर विचारू शकत नोहती, म्हनून पाठवला.

काहून विचारू शकत नोहती ते सांगतो. मी बिमार होती तवा माह्या घरचा कप कोनी हातात धरत नोहता. माहा भाऊ बी आंगनातून बोले. रत्नमालाबाई रोज सकारी ये. आधी खिडक्या उघडे, मले गोळी गिळाले लावे, आनं मंग दारात बसून माह्याच कपात चहा पे. सहा महिने. मले काई समजावून सांगत नोहती, निस्ता चहा पे. ते पाहून शेजारची आली, मंग दुसरी आली. तसं नसतं तं मी गोळ्या खाऊन बी मेली असती.

त्या बाईले मी काय म्हनू, का तू एक कागद चुकीचा लिहिला?

आता ती माह्या दारावरून जात नाई. तलावाच्या पारीनं फिरून जाते, एवढ्या उन्हात. तुमी तिले लिहा. म्हना, बायजाबाईनं कप घासून ठेवला हाय. उद्या सकारी ये म्हना. कागदाचं बोलू नोको म्हना.

तुमच्या पुस्तकात माहं नाव टाकता येत नाई, असं रत्नमालाबाईनं राखीले सांगतलं म्हने. नोका टाकू. पन खरवड काढून ठेवली हाय, सुट्टीत याल तं.

बायजाबाई

ताई, मी राखी. हे खाली माझ्याकडून. हे लिहिल्याचं बायजामावशीला सांगितलेलं नाही. सोमवारी परीने खिचडी दोनदा मागून घेतली.